कासच्या हंगामात सातारा: मुलाबाळांसह दोन दिवस

रविवारी सकाळी पुण्याहून निघायचं, दुपारी कासचं फुलांचं पठार बघायचं आणि रात्री घर गाठायचं, हा बेत मुलं बरोबर असतील तर आखूच नका. अंतर तसं फार नाही: पुणे ते सातारा साधारण ११० किलोमीटर आणि साताऱ्याहून कास २५. पण शहरातून वर जाणारा यवतेश्वर घाटाचा रस्ता वळणावळणाचा आहे आणि हंगामातल्या रविवारी तो गाड्यांनी भरून जातो. मुलांना गाडी लागते, मोठ्यांची चिडचिड होते आणि पठारावर पाय ठेवेपर्यंत फुलं बघायचा उत्साहच संपलेला असतो. हीच सहल मंगळवार ते गुरुवारच्या दरम्यान, साताऱ्यात दोन रात्री मुक्काम ठेवून केली तर तिच्यासारखी दुसरी नाही. शाळेमुळे शनिवार-रविवारच मोकळा असेल तर शुक्रवारी रात्री साताऱ्यात येऊन राहा आणि शनिवारी सकाळची पहिली वेळ पकडा.

आधी तारीख ठरवू. फुलांचा बहर ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो, पण तो पावसावर चालतो, कॅलेंडरवर नाही. सुरुवातीला पांढऱ्या गेंदाचे ठिपके दिसतात, मग निळी-जांभळी सीतेची आसवं आणि गुलाबी तेरडा, शेवटी सोनकी आणि कवल्याचा पिवळा रंग. मुलांना कवला हमखास आवडतो, कारण त्याच्या पिवळ्या पाकळ्यांवरचे दोन लाल ठिपके मिकी माउससारखे दिसतात. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा सगळी मिळून फुलते, त्यामुळे ती दिसेलच असं मुलांना आधी सांगून ठेवू नका. सप्टेंबरातल्या एका रविवारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन असते आणि ती याच घाटातून धावते. त्या सकाळी कासचा रस्ता वाहनांना बंद असतो. धावणं बघायचं असेल तर छानच, रस्त्याकडेला उभं राहून टाळ्या वाजवायला मुलांना मजा येते. पण कासचं आरक्षण त्या दिवसाचं घेऊ नका. गणपती विसर्जनाचा दिवसही टाळा.

कासच्या प्रवेशाची व्यवस्था वनविभाग आणि आसपासच्या गावांची समिती मिळून पाहते, आणि ती मनापासून चांगली म्हणावी अशी आहे. नोंदणी ऑनलाइन होते, वेळेचे टप्पे ठरलेले असतात आणि रोज किती माणसं सोडायची यावर मर्यादा आहे. म्हणूनच नोंदणी न करता वर जाण्यात अर्थ नाही. सुट्टीच्या दिवशी तर घाट चढून परतावं लागतं. गाडी वाहनतळावर लावायची आणि तिथून पुढे बसने जायचं. एवढ्यासाठी कुरकुर करू नये. पठारावर जांभा खडक आणि त्यावर जेमतेम काही इंच माती आहे, एका चाकाने किंवा बुटाने ती दबली की तिथलं बी-कंद गेलंच. साडेआठशेहून अधिक जातींच्या फुलझाडांचं हे घर २०१२मध्ये पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं. पायवाट सोडून फोटो काढणाऱ्यांना तिथले स्थानिक कर्मचारी हटकतात, ते योग्यच आहे. गावातले वाटाडेही मिळतात. मुलं सहा-सात वर्षांपुढची असतील तर वाटाड्या जरूर घ्या, त्याच्याशिवाय निम्मी फुलं डोळ्यांसमोर असून दिसत नाहीत.

इथे बहुतेकांची निराशा होते ती एकाच कारणाने: फोटोत पाहिलेला रंगांचा गालिचा त्यांना हवा असतो. गालिचा काही दिवस, काही तुकड्यांतच दिसतो. कासची खरी गंमत गुडघ्यावर बसून कळते. दहा-वीस रुपयांचं भिंग मुलाच्या हातात द्या आणि वाटेच्या कडेला ओलसर जागी दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती शोधायला सांगा. बोटाच्या पेराएवढ्या पानावर लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि त्यात एखादं चिलट अडकलेलं. शेजारचं नाजूक निळं फूल म्हणजे सीतेची आसवं. तीही कीटकभक्षीच, पण तिचे सापळे मातीखाली, मुळांसारख्या धाग्यांवरच्या इवल्या पिशव्यांत असतात. मातीत नत्र कमी म्हणून या वनस्पती शिकार करतात, एवढं एक वाक्य मुलांना पुरतं. अर्ध्या तासात दहा पावलं चाललात तरी चालेल. सकाळची वेळ घ्यायचं आणखी एक कारण म्हणजे नभाळीसारखी काही फुलं दुपारपर्यंत मिटतात.

सामान थोडंच, पण नेमकं हवं. छत्री नको, पठारावरचा वारा ती उलटी करतो. प्रत्येकाला रेनकोट आणि एकेक कोरडा कपड्यांचा जोड घ्या. जांभा ओला झाला की शेवाळाने निसरडा होतो, म्हणून चपला-सँडल नकोत, खाचांचे तळ असलेले बूट हवेत. बाबागाडी इथे उपयोगाची नाही, तान्ह्या बाळाला पाठीवर किंवा पोटाशी बांधायचा पट्टा घ्या. पेट्रोल साताऱ्यात भरा, रोख पैसे जवळ ठेवा, मोबाइलला रेंज मिळेल असं धरून चालू नका. नोंदणीची पावती आधीच उतरवून ठेवा. घाट चढण्याआधी मुलांना भरपेट खायला देऊ नका. कास तलाव पठाराच्या पुढेच आहे, परतण्याआधी तिथे थोडं थांबता येतं.

बामणोलीची बोट त्याच दिवशी करावी का? पुढे अर्ध्या-पाऊण तासावर कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी बामणोली आहे, आणि पाणी शांत असेल तर छोटी फेरी मुलांना आवडते. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं मिळालं तरच बसा. मोठ्यांचं जॅकेट लहानग्याच्या डोक्यावरून निसटतं. जलाशयापलीकडच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्याचा बेत मात्र लहान मुलांसाठी नाहीच.

दुसरा दिवस साताऱ्यातल्या बोगद्यापलीकडचा. सकाळी आधी ठोसेघर गाठा आणि येताना सज्जनगड करा, उलट करू नका. सज्जनगडावर दुपारी महाप्रसाद असतो, त्या वेळेला भुकेली मुलं गडावर असली की सगळंच जुळतं. ठोसेघर साताऱ्याहून सुमारे २६ किलोमीटर. धबधबा समोरच्या कठडे लावलेल्या सज्ज्यावरून बघायचा असतो. धुक्याने दरी झाकली असेल तर लगेच पाठ फिरवू नका, वाऱ्याच्या एका झोतात पडदा सरकतो. दहा-पंधरा मिनिटं थांबावं. प्रवाहाजवळ उतरायचा मोह मोठ्यांनीच आवरायचा आहे, इथले अपघात तसेच होतात. सज्जनगडावर गाडी तळापर्यंत जाते, पुढे पायऱ्या आहेत. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना त्या सावकाश चढवा, मध्ये टेकायला जागा मिळते. समर्थ रामदासांची समाधी, मग पलीकडच्या टोकाला धाब्याचा मारुती. तिथून खाली उरमोडीचं पाणी दिसतं. त्या टोकाला वारा जोराचा असतो, मुलांचा हात सोडू नका.

पाऊस कोसळत असेल तर डोंगर सोडून द्या आणि शहरातलं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय बघा. ते एसटी स्टँडजवळ आहे आणि सोमवारी बंद असतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून जुलै २०२४मध्ये आलेली वाघनखं सर्वांत आधी इथेच ठेवली होती, पण ती पुढे दुसऱ्या शहरात गेली. त्यांचं नाव सांगून मुलांना नेलंत तर हिरमोड होईल, शस्त्रं बघायला चला म्हणा. संध्याकाळी आकाश उघडलं तर अजिंक्यताऱ्यावर जा. गाडी दरवाजाच्या बरीच जवळ जाते आणि वरून अख्खा सातारा दिव्यांसकट पायाशी दिसतो.

राहायचं कुठे, तर कासच्या रस्त्यावरची हॉटेलं निसर्गासाठी उत्तम, पण धुक्यात रात्री घाट उतरायची वेळ आली, मुलाला ताप आला किंवा औषध हवं झालं तर अवघड. पाच वर्षांखालची मुलं असतील तर पोवई नाक्याच्या आसपास शहरातच राहा. रेल्वेने येणार असाल तर लक्षात घ्या, सातारा स्टेशन शहरात नाही, माहुलीच्या बाजूला आहे. सामान आणि मुलं घेऊन रिक्षा लागतेच. त्यापेक्षा एसटी सरळ शहराच्या मध्यात सोडते.

निघताना कंदी पेढे घ्याल. चांगला कंदी पेढा पांढरा नसतो. खवा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो, बोटाने मोडला की रवाळ तुटतो आणि साखर जिभेवर आधी येत नाही. दुकानात चवीला एक मागा, सगळे देतात. ताजे घेतले तर डबा गाडीत मागच्या काचेपाशी उन्हात ठेवू नका, पायाशी सावलीत ठेवा.