फॉरमॅट मारायच्या आधी ही निळी स्क्रीन नीट वापरून बघा (विंडोज ११ ची रिकव्हरी, माझा रिव्ह्यू)

हा रिव्ह्यू विंडोज ११ मध्येच असलेल्या रिकव्हरीचा आहे, म्हणजे लॅपटॉप सुरू होत नसला की ती निळी स्क्रीन येते ना, चार-पाच चौकोनी बटणांची, आणि आपण घाबरून पॉवर बटण दाबून धरतो, तीच. मी तीन रात्री तिच्यासमोर बसले होते. माझं मत आधीच सांगून टाकते, अतिशय कामाची गोष्ट आहे, ५ पैकी ४ स्टार, आणि एक स्टार कशाचा कापला ते पुढे येईलच.

लॅपटॉप ताईचा. त्यात तिच्या पीएचडीचं चार वर्षांचं काम, मुलाखतींची रेकॉर्डिंग, सगळं. बॅकअप होता पण पाच महिन्यांपूर्वीचा. अपडेट चालू असताना चार्जर निघालेला होता, बॅटरी संपली आणि लॅपटॉप मधेच बंद पडला. त्यानंतर सुरू केला की नुसता लोगो, गोल गोल फिरणारे ठिपके, रीस्टार्ट, परत लोगो. तिने रिपेअरवाल्याकडे नेला, त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही. ताई रडवेली होऊन घरी आली. मला त्या माणसाचा राग याचा आला की त्याने डिस्क खराब आहे की फक्त विंडोज बिघडलंय एवढंसुद्धा तपासलं नाही. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत हो. विंडोज बिघडलं म्हणून फाइल्स जात नाहीत, त्या डिस्कवर जागच्या जागी असतात, फॉरमॅट मारल्यावर जातात.

तर रिकव्हरीत जायचं कसं. विंडोज सुरू होता होता लागोपाठ २-३ वेळा अडकलं की ती आपोआपच येते. लॉगिनची स्क्रीन दिसत असेल तर तिथल्या पॉवरच्या चिन्हातून शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, की थेट तिथेच पोचता. मग ट्रबलशूट, आणि इथे नीट लक्ष द्या, कारण समोर दोनच पर्याय येतात, वर रिसेट धिस पीसी आणि खाली अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. घाबरलेला माणूस वरचं दाबतो. तुम्ही खालचं दाबा. रिसेटमध्ये फाइल्स ठेवायचा पर्याय आहे हे खरं, पण तोही निवडला तरी तुम्ही टाकलेली सगळी सॉफ्टवेअर आणि सेटिंग्ज जातात, ताईच्या बाबतीत तेवढ्यानेच पंधरा दिवस गेले असते, लायसन्सवाली सॉफ्टवेअर परत मिळवण्यात. माझा एक स्टार कापलाय तो यासाठी, सगळ्यात शेवटी करायची गोष्ट सगळ्यात वर आहे.

पहिला प्रयत्न स्टार्टअप रिपेअरचा केला, त्याने काही झालं नाही. मग कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाईप करायची काळी खिडकी) उघडायला गेले तर स्क्रीनवर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमध्येच असलेल्या डिस्कच्या कुलपाची, रिकव्हरी की मागितली. ताई म्हणाली, "अगं मी असलं काही लावलेलंच नाही." आणि ती खरंच बोलत होती. विंडोज ११ चा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केला की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, आपल्याला जाणवतही नाही, रोजच्या वापरात काही फरकच पडत नाही. अडचण आली की मग कळतं. मला ही सोय चुकीची वाटत नाही, लॅपटॉप चोरीला गेला तर तुमच्या फाइल्स कोणी वाचू शकत नाही, फार मोठी गोष्ट आहे ती. पण की कुठे आहे ते माहीत हवं.

की असते ४८ आकड्यांची, ६-६ आकड्यांचे ८ गट. ती बहुतेक वेळा त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झालेली असते ज्याने लॅपटॉप पहिल्यांदा सेटअप केला, फोनवरून लॉगिन करून बघता येते. ऑफिसचा किंवा कॉलेजचा लॅपटॉप असेल तर ती त्यांच्या आयटीवाल्यांकडे असू शकते, आणि घरात दुसऱ्या कोणी सेटअप करून दिला असेल तर त्या माणसाच्या अकाउंटमध्ये बघा. की सापडलीच नाही तर कस्टमर केअरला कितीही विनवण्या करा, ती त्यांच्याकडेही दुसरीकडे कुठे ठेवलेली नसते, मग डिस्क पुसण्याशिवाय मार्ग नाही. निळ्या स्क्रीनवर की आयडी दाखवतात, त्यातली पहिली ८ अक्षरं अकाउंटमधल्या यादीशी जुळवायची. ताईच्या आत्ताच्या अकाउंटमध्ये काहीच नव्हतं. मग तिला आठवलं की लॅपटॉप घेतला तेव्हा ती जुना ईमेल वापरत होती, आणि त्याचा पासवर्ड आठवत नाही, नोंदवलेला फोन नंबर बंद. नशिबाने पर्यायी ईमेल चालू होता, त्यावर कोड आला आणि नवीन पासवर्ड ठेवता आला. तो पण नसता तर अकाउंट परत मिळवणं फार अवघड झालं असतं. तेव्हा हे वाचताय तर आज पाच मिनिटं काढून जुना नंबर बदला प्लीज.

या गडबडीत ताईने गुगलवर अकाउंट परत मिळवायचा मार्ग शोधला तर एक हेल्पलाइन नंबर दिसला, तिने फोनही लावला, पलीकडचा माणूस लगेच म्हणाला फोनवर अमुक अॅप टाका आणि स्क्रीन शेअर करा. मी हातातून फोन घेऊन कट केला. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

असो, की मिळाली. ताई फोनवरून वाचत होती, मी टाईप करत होते, तिसऱ्या गटात माझा एक आकडा चुकला आणि तो गट चुकलाय हे तिथल्या तिथे कळलं. यामागे छान युक्ती आहे, प्रत्येक गटातल्या सहा आकड्यांच्या संख्येला ११ ने भाग गेलाच पाहिजे अशी रचना असते, त्यामुळे टायपिंगची चूक लगेच पकडता येते. ४८ आकडे परत पहिल्यापासून टाकायची वेळ येत नाही. ज्याने कोणी हे आखलं त्याला मनापासून धन्यवाद.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. कमांड प्रॉम्प्ट उघडल्यावर मी काहीही दुरुस्त करायच्या आधी फाइल्स बाहेर काढल्या. त्यासाठी कमांड पाठ असायची गरज नाही, फक्त notepad असं इंग्रजीत टाईप करून एंटर दाबा, नोटपॅड उघडतं, त्यात फाइल मेनूतून ओपन करा आणि खाली ऑल फाइल्स निवडा, की त्या छोट्या खिडकीत सगळ्या डिस्क, सगळे फोल्डर दिसतात. राइट क्लिक करून कॉपी, पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट. इथे सी ड्राइव्ह कधी कधी डी किंवा दुसऱ्याच अक्षराने दिसतो, त्याने गोंधळून जाऊ नका, यूजर्सचा फोल्डर कुठे आहे ते शोधा. आणि कॉपी चालू असताना किती झालं ते काहीच दाखवत नाही, खिडकी गोठल्यासारखी होते, मला पहिल्यांदा वाटलं हँग झालं, पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता म्हणून धीर धरला, आणि सुमारे चाळीस मिनिटांनी खिडकी परत हलली. ताईचं थीसिसचं फोल्डर पेनड्राइव्हवर दिसलं तेव्हा तिने माझा हात जो घट्ट धरला, तेवढ्यात माझ्या तिन्ही रात्री वसूल झाल्या.

डेटा हातात आल्यावर मग निवांतपणे दुरुस्ती. अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये अनइन्स्टॉल अपडेट्स म्हणून पर्याय आहे, त्यात शेवटचं क्वालिटी अपडेट (नेहमी येणारं छोटं अपडेट) काढायचं निवडलं, कारण बिघाड अपडेट अर्धवट राहिल्यामुळेच झाला होता. वेळ लागला, पण रीस्टार्ट झालं आणि लॉगिनची स्क्रीन आली. चार्जर मात्र सगळा वेळ लावलेला ठेवा, आमची चूक परत करू नका.

आता पासवर्ड. पिन उपलब्ध नाही असा मेसेज आला, पासवर्ड टाका म्हणे. हे अनेकांना माहीत नसतं की पिन आणि पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पिन फक्त त्याच लॅपटॉपपुरता असतो आणि पासवर्ड अकाउंटचा. आम्ही कालच ठेवलेला नवीन पासवर्ड टाकला, चूक. परत टाकला, चूक. ताई म्हणे आता परत सगळं गेलं. मी पासवर्डच्या रकान्यातलं डोळ्याचं चिन्ह दाबून धरलं, तर आत चक्क देवनागरी अक्षरं, कीबोर्डची भाषा बदललेली होती. विंडोज की आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजी केली, तरीसुद्धा चूक. मग डोक्यात आलं की पासवर्ड आपण फोनवरून बदललाय, या लॅपटॉपला ते अजून कुठे कळलंय, तो इंटरनेटला जोडलेलाच नाही, म्हणजे तो अजून जुनाच पासवर्ड धरून बसलाय. लॉगिनच्या स्क्रीनवरच खाली उजव्या कोपऱ्यात वायफायचं चिन्ह असतं, तिथून वायफाय जोडलं, आणि पहिल्या झटक्यात आत. ही गोष्ट माझ्या मते मोठ्या अक्षरात लिहून ठेवावी, कारण पासवर्ड बरोबर असूनही लोक चुकला समजून परत परत बदलत बसतात आणि शेवटी रिसेट मारतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंट नसून लोकल अकाउंट असेल तर मात्र हा फोनवरून बदलायचा मार्ग नाही, तिथे पासवर्ड चुकला की खाली रिसेटची लिंक येते आणि सेटअपच्या वेळी दिलेल्या ३ प्रश्नांची उत्तरं विचारतात, ती आठवत असतील तर काम होतं.

आत गेल्यावर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून विंडोजच्याच दुरुस्तीच्या दोन कमांड, आधी डिझमची (DISM) रिस्टोअर हेल्थवाली आणि मग एसएफसी (SFC) स्कॅननाऊ, चालवल्या, क्रम हाच ठेवा, कारण एसएफसी बिघडलेल्या फाइल्सच्या जागी चांगल्या प्रती टाकतं आणि त्या प्रतींचा साठाच खराब असेल तर डिझम तो आधी ठीक करतं. डिझम मधेच एका टक्क्यावर बराच वेळ थांबून राहतं, बंद करू नका. एसएफसीने खराब फाइल्स सापडल्या आणि दुरुस्त केल्या असं सांगितलं. दोन दिवसांनी तेच अपडेट चार्जर लावून परत घेतलं, नीट बसलं.

कोणाला उपयोग नाही तेही सांगते. डिस्कच मेली असेल, बायोसमध्येसुद्धा (विंडोजच्याही आधी सुरू होणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग्ज) दिसत नसेल, किंवा आतून खट खट आवाज येत असेल तर यातलं काही करू नका, लॅपटॉप बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, उगाच परत परत चालू केल्याने नुकसान वाढतं. बाकी विंडोज अडकलंय, अपडेट फसलंय, पासवर्ड घेत नाही, अशा सगळ्या वेळी आधी ही स्क्रीन.

ताईची ४८ आकड्यांची की आता कागदावर प्रिंट करून तिच्या सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये आहे, एक प्रत माझ्याकडे. बॅकअप दर रविवारी ती स्वतः घेते. पिन परत सेट करून झाला, फक्त बोटाचा ठसा नवीन नोंदवावा लागला.