लोरेतोचा उन्हाळा: साडेतीन महिने गरी टाकून झाल्यावर

मेच्या शेवटी लोरेतोत खोली भाड्याने घेतली, तेव्हा घरमालकीणबाईंनी एकच विचारलं, एसी आताच दुरुस्त करून देऊ का? मालवणच्या माणसाला उन्हाचं काय कौतुक, म्हणून मी नको म्हटलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात स्वतःच त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

लोरेतो म्हणजे मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरचं लहानसं गाव. पाठीला सिएरा दे ला हिगांताचे उघडेबोडके डोंगर, समोर कॅलिफोर्नियाचं आखात. १६९७ साली इथे जेझुइट पाद्र्यांनी मिशन उभारलं, त्याची घंटा अजून ऐकू येते. माझं काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे मे अखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत राहता आलं. या काळात पांग्यातून १९ फेऱ्या केल्या. पांगा म्हणजे २२-२४ फुटांची उघडी फायबरची होडी, मागे एक इंजिन. आपल्याकडच्या फायबर होडीचीच चुलत बहीण, फक्त नाक जरा जास्त वर.

गरवायला कुठला महिना किती चांगला, त्याचा आधी निकाल सांगतो, मग कारणं. जून ते जुलैचा मध्य: पाचपैकी साडेचार. जुलैचा उरलेला भाग: साडेतीन. ऑगस्ट-सप्टेंबर: दोन, आणि तेही मासे असतात म्हणून. वादळांनी बंदर बंद होतं, आणि उन्हात माणूस टिकत नाही.

इथे उन्हाळ्यात लोक येतात ते डोराडोसाठी, म्हणजे माही-माही. हिरवा-सोनेरी-निळा मासा, नराचं कपाळ भिंतीसारखं सरळ. होडीत आला की पाच मिनिटांत सगळे रंग विझतात, ते बघायला मला पहिल्या फेरीपासून नको वाटतं. हा मासा खडकावर मिळत नाही, तरंगत्या वस्तूच्या सावलीत मिळतो. हिवाळा-वसंतात इथल्या खडकांवर तपकिरी शेवाळ माजतं. पाणी तापू लागलं की ते सुटतं आणि त्याच्या गाद्या होऊन आखातात फिरू लागतात. इथले लोक त्याला सार्गासो म्हणतात. गादीखाली बारीक मासे, बारीक माशांमागे डोराडो. जूनमध्ये आम्ही लोरेतोसमोरच्या कार्मेन बेटाच्या पलीकडे अशा गाद्या शोधत फिरायचो आणि सकाळी नऊच्या आत काम व्हायचं. ऑगस्टपर्यंत बरंचसं शेवाळ कुजून विरलेलं असतं. मग मासे असतात पण विखुरलेले, आणि तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, फ्रिगेट हा समुद्रपक्षी कुठे घिरट्या घालतोय ते बघत डिझेल, माफ करा, पेट्रोल जाळत राहतो. जूनला मी साडेचार देतोय ते याच कारणासाठी. तारखेवरून नाही, शेवाळावरून बुकिंग करा.

दुसरी गोष्ट जिवंत आमिषाची, आणि यावर मी सुरुवातीला पैसे वाचवायला गेलो. चौथ्या की पाचव्या फेरीला एका स्वस्त पांग्यावाल्याबरोबर निघालो. आमिष आहे म्हणाला होता. टाकीत बघितलं तर अर्धी तारली उताणी. प्लास्टिकचे मासे ओढत साडेचार तास फिरलो. एक डोराडो मागे लागला, होडीपर्यंत आला, बघितलं आणि निघून गेला. शेजारच्या होडीतून मूठमूठ जिवंत मासळी पाण्यात फेकत होते, तिथे पाणी उकळत होतं. त्यानंतर ठरवलं, निघण्याआधी अंधारात टाकीत टॉर्च मारायचा. मासे गोल फिरत असले तर बसायचं, नाहीतर घरी जाऊन झोपायचं. पुढे ज्याच्याबरोबर नेहमी जाऊ लागलो त्या तांडेलाकडून एक शिकलो: पहिला डोराडो लागला की त्याला लगेच वर ओढायचा नाही. तो पाण्यात असेपर्यंत बाकीचे त्याच्याभोवती राहतात, तेवढ्यात दुसरी गरी टाकून घ्यायची.

आता ऊन. दुपारी ३६-३७ अंश, रात्री धड खाली येत नाही, आणि दमटपणा कोकणासारखाच. फरक इतकाच की कोकणात जूनमध्ये पाऊस येऊन सुटका करतो, इथे ढग डोंगरावर चढतात, गुरगुरतात आणि तोंड फिरवतात. ऑगस्टमध्ये समुद्राचं पाणीही २९-३० अंशांवर, उडी मारली तरी गार वाटत नाही. त्यात बोबो नावाच्या चिलटांचा छळ: चावत नाहीत, डोळ्यांच्या कोपऱ्यात बसतात. वीजही जाते. बाहाच्या या दक्षिण भागाचं वीजजाळं मेक्सिकोच्या मुख्य जाळ्याला जोडलेलं नाही, आणि उन्हाळ्यात सगळे एसी एकदम चालू. म्हणून दिवस असा लावायचा: जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमाराला उगवतो, त्याआधी धक्क्यावर, साडेदहाला परत. मी आईला व्हिडिओवर दुपारचा उन्हातला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "माशाक ऊन लागणा नाय रे, तुका लागता."

बर्फाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तिथे माझा मासा वाया गेला. जुलैत एक पिशवी बर्फ घेऊन गेलो. आठ वाजेपर्यंत पेटीत कोमट पाणी आणि त्यात दोन सुंदर डोराडो. घरी येऊन कापले तर मांस बोटाने दबत होतं. आता दुप्पट बर्फ, थोडं समुद्राचं पाणी, मासा आला की आधी कल्ल्याजवळ चिरून रक्त काढायचं, मग पेटीत.

नियमांची कुरकुर बरीच ऐकली. परवाना कोनापेस्काचा, म्हणजे मेक्सिकोच्या मत्स्यव्यवसाय खात्याचा, आणि बेटांभोवतीचं पाणी १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान असल्याने त्याचं वेगळं शुल्क. माणशी दिवसाला दहा मासे, एका जातीचे पाचपेक्षा जास्त नाहीत, पण डोराडो फक्त दोन. सेलफिश किंवा मार्लिन अख्ख्या होडीला एक. इतक्या लांब येऊन दोनच, असं म्हणणारे पाहुणे रोज भेटतात. मला दोन पुरतात. डोराडो भराभर वाढतो आणि चार-पाच वर्षांत संपतो, पण गादीखालचा सगळा थवा एका सकाळी उपसता येतो हेही मी पाहिलंय. शिवाय किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांपर्यंत हा मासा खेळासाठी गरवणाऱ्यांनाच राखून ठेवलेला आहे. व्यापारी मासेमारी बंद, पकडलेला विकायलाही बंदी. म्हणजे कोळणीकडून घ्यायची सोयच नाही. खायचा तर स्वतः गरवा. (रव्यात तळलेला उत्तम. कढीत मात्र पटकन कोरडा पडतो, त्यासाठी हेकरूच्या जातीतली काब्रिया बरी. तिरफळं मी घरून आणली होती.)

ऑगस्टला दोन का, तर वादळं. पूर्व पॅसिफिकचा चक्रीवादळांचा मोसम १५ मे ते ३० नोव्हेंबर, पण बाहाला खरा धोका ऑगस्टच्या मध्यापासून. २०१४ च्या सप्टेंबरातल्या ओडील चक्रीवादळाचं नाव इथे अजून काढतात. वादळ शेकडो मैल दूर असलं तरी कॅपितानिया, म्हणजे बंदराचं कार्यालय, लहान होड्यांना बंदर बंद करतं. शिवाय चुबास्को, अचानक येणारा वारा-पाऊस, त्याला कुणी आगाऊ सूचना देत नाही. नेमकं नारळी पौर्णिमेलाच आमचं बंदर बंद होतं. आपल्याकडे जून-जुलैची मासेमारीबंदी संपल्यावर दर्या निवळला असं मानायचा तो हाच दिवस. आईला सांगितलं तर तिला पटेना, "आज? आज तर नारळ सोडूचो दिस!" इथला दर्या आपल्या पंचांगाच्या बरोबर उलटा चालतो.

त्या बंदच्या दिवसाची आगाऊ रक्कम एका पांग्यावाल्याने परत दिली नाही, पुढच्या आठवड्यात या म्हणाला. पुढच्या आठवड्यात हायवेवर पाणी. तेव्हापासून मी आगाऊ पैसे फक्त बंदर बंद झाल्यास परत, असं चॅटवर लिहून घेऊनच देतो. एका फेरीचं भाडं मला साधारण ३०० डॉलरच्या आसपास पडलं, आमिष आणि बर्फ वेगळा. दोघांत वाटून घेतलं तर परवडतं, एकट्याला अंगावर येतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तांडेलाला विचारलं, उद्या जाऊया? त्याने आकाशाकडे नाही, माझ्या सोललेल्या मानेकडे बघितलं आणि म्हणाला, जूनमध्ये ये. ३ जूनचं तिकीट काढलंय.