पोर्शे ९४४ चा डीएमई रिले: दुरुस्त करावा की बदलावा?

जुनी ९४४ तापली की बंद पडते, थंड झाली की पुन्हा सुरू होते. रिले उघडावा की बदलावा, असं एका वाचकाने विचारलंय. डीएमई म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर आणि रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. या एकाच डबीतून त्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज जाते.

खर्चात दुरुस्ती जवळपास फुकट. झाकण काढून भिंगातून बघा: पिनांच्या मुळाशी सोल्डरला (जोडासाठी वितळवून लावलेल्या धातूला) केसाएवढी गोल चीर दिसेल. जुनं सोल्डर शोषून काढा, मगच नवं भरा. वरवर वितळवलेलं फार टिकत नाही. रिलेच्या आतले कॉन्टॅक्ट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे धातूचे ठिपके, जळाले असतील तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका. नव्यात मेहनत नाहीच, उपसा आणि खोचा.

लांब पल्ल्याला जाणाऱ्यांनी नवाच घ्यावा आणि दुरुस्त केलेला जुना सोबत ठेवावा. गाडी गावातच फिरत असेल आणि सोल्डरिंगचा हात बसला असेल, तर दुरुस्ती पुरे.