वेताळ टेकडी, हनुमान टेकडी की कालव्याचा काठ? पुण्यात कुत्र्याला फिरायला कुठे न्यावं

सोसायटीच्या भोवती त्याच त्याच चकरा मारून कुत्राही कंटाळतो आणि माणूसही. मग घरात विषय निघतो, ‘टेकडीवर नेऊ या का?’ जरूर न्या. पण कुठली टेकडी, कुठल्या महिन्यात आणि कुठला कुत्रा, याचा हिशेब आधी घाला. आमच्याकडे एक गावठी कुत्री आहे, अंगाने चपळ, नाकाने अतिचौकस. तिला घेऊन या सगळ्या वाटा मी वेगवेगळ्या ऋतूंत फिरले आहे, त्यावरून हे लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. रोजच्या फिरण्याला हनुमान टेकडी. वेताळ टेकडी थंडीच्या दिवसांत, तीही तब्येतीने धडधाकट आणि हाकेला येणाऱ्या कुत्र्यासाठी. मुठा उजव्या कालव्याचा काठ म्हाताऱ्या किंवा वजन वाढलेल्या कुत्र्यांना बरा, पण पट्टा आखूड धरून. आणि तळजाईच्या टेकडीवर कुत्रा नेऊ नये.

वेताळ टेकडीबद्दल जास्त लिहावं लागेल, कारण मोहही तिचाच जास्त असतो. पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि हा माथा सुमारे ८०० मीटरवर. कोथरूडच्या बाजूने चढलात तर मुरमाड, घसरता उतार लागतो. कुत्रा चार पायांवर सहज चढून जातो. त्याच्या पट्ट्याला धरलेला माणूस उतरताना घसरतो. म्हणून पट्टा मनगटाला गुंडाळून उतरू नये, मुठीत धरावा. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने आलात तर चढ डांबरी रस्त्याने संपतो आणि वर पठारावर सपाट वाट मिळते. पहिल्यांदा नेत असाल तर इथूनच न्या.

वरचा खडक काळा बसाल्ट आहे आणि तो लवकर तापतो. मार्च ते मे या काळात आठ वाजल्यानंतर तळहाताची मागची बाजू त्या खडकावर टेकवून बघा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचे तळवेही भाजणार. त्यात वर सावली कमी. गिरिपुष्पाची झाडं उन्हाळ्यात निष्पर्ण होतात आणि गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग थंड करतो. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. त्यांना वेताळ टेकडीवर उन्हाळ्यात नेऊच नका, कितीही लवकर उठलात तरी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट झाली, पाय लटपटले, की सावलीत घ्या, पोटावर आणि पंजांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरांकडे निघा. बर्फ लावू नका.

माथ्यावर दगडाची जुनी खाण आहे. पाणी साचलेलं, दिसायला सुंदर. कुत्र्याला तिथे पोहू देऊ नका आणि पिऊही देऊ नका. कडे सरळ आहेत, खाली गेलेला कुत्रा वर येईलच असं नाही. शिवाय साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. हा रोग उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरतो आणि माणसालाही होतो. कुत्र्याच्या वार्षिक लशीत लेप्टोचा भाग आहे का, हे लसीच्या पुस्तकात एकदा बघून घ्या.

आता कुसळं. पावसाळा संपला की टेकडीवरचं कुसळी गवत पिकतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाटेच्या दोन्ही बाजूंनी कुसळं लोंबतात. सापाची भीती सगळ्यांना वाटते, कुसळाची कुणालाच नाही, आणि दवाखान्याची वारी मात्र जास्त वेळा कुसळामुळेच होते. त्याचं टोक अणकुचीदार आणि मागचे केस उलट्या दिशेचे, त्यामुळे एकदा शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. घरी आल्यावर कुत्र्याला आडवं पाडा आणि पंजा हातात घेऊन एकेक बोट फाकवून बघा. आमची कुत्री पुढच्या उजव्या पंजाची दोन बोटं सारखी चाटत होती. केस बाजूला केले तर बोटांच्या मधल्या कातडीत मोहरीएवढी लाल गाठ, आणि तिच्यातून काडीचं काळपट टोक जेमतेम दिसत होतं. चिमट्याने सरळ ओढल्यावर निघालं ते नखाएवढं लांब होतं. कानात शिरलं तर कुत्रा डोकं एका बाजूला कलंडून सारखं झटकतो. तेव्हा कापूस-काडी घालायच्या फंदात पडू नये, डॉक्टरच लागतात.

साप टेकडीवर आहेत, तिथे त्यांचंच घर आहे. घोणस, नाग, मण्यार आणि खडकाळ उतारांवर फुरसं, हे चार विषारी लक्षात ठेवायचे. कुत्र्याला चावा बहुतेकदा तोंडावर किंवा पुढच्या पायावर बसतो, कारण तो आधी नाक खुपसतो. मळलेल्या वाटेवर आखूड पट्ट्याने चालवलं तर धोका बराच कमी होतो. चावलंच तर घट्ट आवळपट्टी बांधू नका, कापू नका, चोखू नका आणि कुत्र्याला चालवतही नेऊ नका, उचलून न्या. तुमच्या नेहमीच्या दवाखान्यात सर्पदंशावरचं औषध ठेवलेलं असतं का, हा फोन आजच करून ठेवा. रविवारी सकाळी सात वाजता कुत्रा खांद्यावर घेऊन ही चौकशी करायची वेळ येऊ नये.

हनुमान टेकडी या सगळ्यापेक्षा सोपी. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मागून किंवा गोखलेनगरकडून थोडकाच चढ, वर मारुतीचं मंदिर, आणि पहाटेपासून माणसांची वर्दळ. काही झालं तर मदतीला कुणीतरी असतं आणि दहा-पंधरा मिनिटांत खाली रस्त्यावर येता येतं. एकट्याने कुत्रा घेऊन जाणाऱ्याला ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्या गर्दीची दुसरी बाजूही आहे. फिरायला येणारे आजी-आजोबा कुत्र्याला घाबरतात, पळणारी मुलं अचानक समोर येतात, आणि आपण ‘काही करत नाही हो तो’ म्हणून त्यांची भीती जात नाही. समोरून कुणी आलं की कुत्र्याला वाटेच्या कडेला घेऊन बसवावं आणि त्यांना आधी जाऊ द्यावं.

इथला खरा प्रश्न भटक्या कुत्र्यांचा आहे. लोक मायेने बिस्किटं घालतात, त्या जागेभोवती टोळी जमते आणि नवा कुत्रा दिसला की ती अंगावर येते. ही टोळी तिथे कायमचीच धरून चाला. पशू जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्रे साधारणपणे त्यांच्या मूळ जागीच परत सोडले जातात. कानाला खाच असलेला कुत्रा म्हणजे नसबंदी झालेला. तेव्हा टोळीची हद्द ओळखून घ्या. भुंकत आली तर पळू नका, ओरडू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका. पट्टा आखडून कुत्र्याला पायाशी घ्या आणि आलात त्या वाटेने सावकाश मागे या. हद्द संपली की बहुतेक टोळ्या थांबतात. बिस्किटं पडलेली जागा तर लांबून टाळावी. चावाचावी झालीच तर माणसाची जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायची. आपल्या कुत्र्याची लस झालेली असली तरी चावल्यावर त्यालाही डॉक्टरांकडे दाखवावं.

कालव्याचा काठ सपाट. गुडघे गेलेल्या लॅब्रेडॉरला किंवा सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला टेकडीचा उतार त्रास देतो, तिथे ही वाट चांगली. झाडांमुळे सावलीही मिळते. पण खडकवासल्याचं पाणी सोडलेलं असेल तेव्हा प्रवाहाला ओढ असते आणि काठ उतरता, निसरडा असतो. कुत्रा पाण्यात गेला तर त्याला नखं रोवायलाही जागा मिळत नाही, आणि त्याच्यामागे माणसाने उडी मारणं हे दोघांच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून पाण्याच्या बाजूला स्वतः चाला आणि कुत्रा आतल्या बाजूला ठेवा. काही ठिकाणी दुचाकी शिरतात. लांबत जाणारा दोरीचा पट्टा इथे नकोच, दीड-दोन मीटरचा साधा पट्टा आणि छातीला बसणारा हार्नेस बरा.

तळजाईच्या वनविहारात मोर आहेत, ससे आहेत. मोराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं सर्वांत कडक संरक्षण आहे. कुत्र्याने नुसता पाठलाग केला तरी जमिनीवर बसणारे पक्षी अंडी सोडून उठतात, आणि उन्हात पडलेली टिटवीची अंडी फुकट जातात. शिवाय डिस्टेंपरसारखे रोग पाळीव कुत्र्यांकडून जंगली प्राण्यांत जाऊ शकतात. वनखात्याच्या कुंपणाच्या आत आपला कुत्रा नेऊन त्याला मोकळं सोडणं मला पटत नाही. तळजाईला स्वतः जा, दुर्बीण घेऊन जा. वेताळ टेकडीवरही मोर आहेतच, म्हणून तिथेही पट्टा सोडू नये. ‘पाच मिनिटं मोकळं पळू दे’ म्हणणाऱ्यांना मी आता सरळ नाही म्हणते.

पावसाळ्यात मात्र मी सगळ्याच टेकड्या कमी करते, आणि सगळ्यात मोठं कारण गोचीड. गोचिडीतून होणारा ताप कुत्र्याच्या रक्तपेशींवर घाला घालतो आणि पहिले काही दिवस तो नुसता मलूल वाटतो, जेवत नाही, एवढंच दिसतं. गोचीड मारणारी महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी डॉक्टरांना विचारून चालू ठेवा. तरीही फिरून आल्यावर कानांच्या घड्या, पट्ट्याखालची मान, बगला आणि बोटांच्या बेचक्या बोटांनी चाचपून बघा. गोचीड सापडली तर बोटाने चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका.

बरोबर पाण्याची बाटली, घडीची वाटी, चिमटा आणि शी उचलायच्या पिशव्या असल्या की झालं. वर कचराकुंडी शोधत बसू नका, पिशवी खाली आणा.