हिरवी शार्त्रूज, सात महिन्यांनंतर: दारूला पैकीच्या पैकी, झाकणाला शून्य

आधी झाकण. सात महिन्यांत या बाटलीने वैताग दिला तो फक्त त्याचाच. शार्त्रूज म्हणजे वनस्पतींपासूनची फ्रेंच गोड दारू, त्यामुळे साखर भरपूर. ओतताना शेवटचा थेंब मानेवरून ओघळतो, आट्यांत बसतो, अल्कोहोल उडून जातं आणि मागे पाक उरतो. दोन आठवड्यांनी झाकण फिरवायला जावं तर डिंक लावल्यासारखं घट्ट. पक्कड लावू नका, झाकण चेपलं की पुन्हा नीट बसत नाही. गरम पाण्यात पिळलेलं फडकं मिनिट-दोन मिनिटं गुंडाळलं की पाक सुटतो आणि झाकण हातानेच निघतं. ओतून झाल्यावर बाटली सरळ करताना किंचित फिरवायची, मान लगेच पुसायची. आणि ठेवायची उभीच, वाइनसारखी आडवी नाही.

आता दारू. 55 टक्के अल्कोहोल, 130 वनस्पती, फ्रान्समधल्या ग्रनोब्ल शहराजवळच्या कार्थुसियन मठाची, म्हणजे ख्रिस्ती भिक्षूंच्या एका पंथाच्या मठाची, कृती. ही कृती 1605 च्या एका हस्तलिखितापासून चालत आली, ही कथा सगळीकडे सांगितली जाते. चवीला पहिल्या घोटात काढा, मग मध, मग पुदिना आणि बडीशेपेच्या जवळचं काहीतरी, आणि गिळल्यावर घशात बराच वेळ रेंगाळणारा कडवटपणा.

सुरुवातीला माझं मत होतं की बाटली फ्रीझरमध्येच ठेवावी. गोठत नाही, तेलासारखी दाट होते, अल्कोहोलची आग जाणवत नाही. आता ते मत बदललंय. त्या थंडीत वासही झोपतो आणि उरतं नुसतं हिरवं सरबत. एवढे पैसे मोजले ते वासाचेच. त्यापेक्षा साध्या तापमानाची 30 मिली घ्या आणि दोन छोटे चमचे, म्हणजे 10 मिली, गार पाणी घाला. ताकद 41 टक्क्यांच्या आसपास येते, आग कमी होते आणि दडलेले वास वर येतात. बर्फ घालायचा तर एकच मोठा खडा. चुरा बर्फ पाच मिनिटांत सगळं पाणी करतो. ग्लास वर निमुळता हवा. शॉटचा ग्लास म्हणजे वाया.

‘जेवणानंतर पचनाला बरी’ हे म्हणणं सोडून द्या. अल्कोहोलने पोट उलट सावकाश रिकामं होतं. ही मिठाईच्या जागी घ्यायची गोष्ट, मिठाईबरोबर नाही. बासुंदीनंतर तर अजिबात नको, गोडावर गोड होतं. अपवाद चॉकलेटचा. आल्प्सच्या स्की गावांत गरम चॉकलेटमध्ये ती घालतात: 150 मिलीला 30 मिली, तेही गॅस बंद केल्यावर, नाहीतर वास वाफेबरोबर जातो.

किंमत उतरेल म्हणून थांबू नका. उत्पादन वाढवायचं नाही हे भिक्षूंनी 2019 मध्येच ठरवलंय. भारतात येणाऱ्याला बॅगेतून दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते. 700 मिलीच्या दोन बाटल्या त्यात बसतात. घेताना लॉट नंबर बघा. पहिल्या तीन आकड्यांत 1084 मिळवले, म्हणजे मठाच्या स्थापनेचं साल, की बाटलीत भरल्याचं वर्ष निघतं. 939 असेल तर 2023. पुढचे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेली जुनी बाटली नको: रंग वनस्पतींचा आहे, उजेडात उडतो.

म्हणून घरीही कपाटातच. तळाशी तिसरा हिस्सा उरला की आतल्या हवेने वास मंदावायला लागतो, तेव्हा ती छोट्या बाटलीत काढा. आट्यांचं झाकण नसलेली बघा, बुचाची.