चांगला हात बांधावा, की दोन्ही हात खेळते ठेवावेत?

जन्माच्या आसपास बाळाला मेंदूचा झटका (स्ट्रोक) येऊन गेला आणि त्यामुळे एक हात अधू राहिला, हे बऱ्याच घरांना काही महिन्यांनी कळतं. खुळखुळा नेहमी एकाच हाताने घेतो. कुणी म्हणतं, डावखुरा असेल. पण वर्षाच्या आत मूल एकच हात पुढे करत असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. एमआरआय होतो, निदान होतं आणि ‘गरोदरपणी काय खाल्लंस?’ ही चौकशी आईच्या वाट्याला येते. (बहुतेक वेळा कुणाचीच चूक नसते. हे डॉक्टरांकडून सासूबाईंसमोर वदवून घ्यावं.)

मग अधू हातासाठी थेरपिस्ट दोन वाटा सांगतात. सीआयएमटीमध्ये (कन्स्ट्रेंट-इंड्यूस्ड मूव्हमेंट थेरपी) चांगल्या हाताला जाड मोजा किंवा प्लास्टर घालून अधू हाताकडून काम करून घेतात. बायमॅन्युअल, म्हणजे दोन्ही हातांच्या, थेरपीत काहीच बांधत नाहीत. दोन्ही हात लागतीलच अशी कामं देतात.

सीआयएमटीत विसरलेला हात कामाला लागतो, पण घराची परीक्षा होते. पहिले काही दिवस रडारड, फेकाफेक. आईने मोजा घालावा आणि दुपारी आजीने ‘कशाला छळता लेकराला’ म्हणत हळूच काढावा, असंही घडतं. अधू हातात थोडी तरी हालचाल हवी. ती नसेल तर मूल नुसतं चिडतं. तोल जाणाऱ्या मुलाला पडताना चांगल्या हाताचाच आधार असतो, म्हणून चालताना मोजा काढावा. तान्ह्या बाळाला थेरपिस्ट सांगतील तेवढाच वेळ, कारण त्याचा चांगला हातही अजून शिकतोच आहे.

दुसरी वाट घरात मिसळून जाते. कणकेचा गोळा लाटणं, कागद धरून कापणं, दप्तराची चेन लावणं. पण मुलं हुशार असतात. बाटली मांड्यांत दाबतात, टोपण दातांनी काढतात आणि अधू हात बाजूलाच राहतो. ‘दोन्ही हात वापर’ असं शंभरदा सांगण्यापेक्षा बाटली मोठी द्यावी, उभं राहून उघडायला लावावी.

तास सारखे ठेवून तुलना केली तेव्हा दोन्हींत सुधारणा जवळपास सारखीच दिसली. अशा अभ्यासांत मुलांनी साठ-नव्वद तास काम केलेलं असतं. आठवड्यातून एकदा पाऊण तास क्लिनिकला जाऊन तेवढे तास भरत नाहीत. ते घरीच भरावे लागतात.

म्हणून माझं मत बायमॅन्युअलकडे झुकतं, विशेषतः मूल लहान आणि आईबाबा दोघं नोकरीवर असतील तर. मूल शाळकरी, समजूतदार असेल आणि मे महिन्यात घरातलं कुणी पूर्णवेळ मोकळं असेल, तर दोन-तीन आठवडे सीआयएमटी करून मग दोन्ही हातांवर यावं.

खर्चाचा प्रश्न असेल तर आधी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (लहान मुलांसाठीचं सरकारी लवकर-उपचार केंद्र) चौकशी करा. तिथे थेरपी मोफत असते. कुठेही गेलात तरी पहिल्याच भेटीत विचारा: घरी रोज किती वेळ, कुणी करायचं आणि मूल फारच रडलं तर कधी थांबायचं?