सीडी ट्रान्सपोर्ट घ्यायचाय? लाखाचा, मधला, जुना डीव्हीडी प्लेअर आणि लॅपटॉप, घरी एकाच डॅकवर लावून

दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथेच, म्हणून आधी सांगून टाकतो. ट्रान्सपोर्ट म्हणजे नुसती सीडी वाचणारं मशीन. आत डॅक (डिजिटल आकड्यांचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा भाग) नसतो, डिजिटल सिग्नल बाहेर देतं आणि पुढचं सगळं तुमच्या डॅकच्या गळ्यात. त्यामुळे "हा प्लेअर त्याच्यापेक्षा गोड वाजतो" ही जी तुलना आपण इतकी वर्षं करत आलो ती इथे जशीच्या तशी चालत नाही, कारण प्लेअर बदलला की डॅक पण बदलतो आणि त्यामागचं अ‍ॅनालॉग सर्किट पण बदलतं, इथे दोन्ही तेच राहतात. म्हणजे फरक पडायच्या वाटा मोजक्याच उरतात आणि गंमत अशी की त्या सगळ्या घरी तपासता येतात. कपाटात तीन-चारशे सीडी आहेत, डॅक बरा आहे आणि आता लाखाच्या ट्रान्सपोर्टवर जीव जडलाय, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे आहे.

समोर काय काय होतं ते सांगतो. एक लाखाच्या वरचा, वरून झाकण सरकवून सीडी ठेवायची, वर चुंबकाचा छोटा पक, म्हणजे दाबून धरणारी चकती, बसवायचा असला, डेमोसाठी घरी आणलेला. त्याचं नाव घेत नाही, कारण खाली एक तक्रार आहे आणि ती त्या एका पीसपुरतीच असू शकते. दुसरा मधल्या बजेटचा, फटीतून सीडी आत ओढून घेणारा, आधीच पुढचं वाचून बफरमध्ये ठेवणारा. तिसरा माळ्यावरचा जुना डीव्हीडी प्लेअर, मागे कोअ‍ॅक्सियल (तांब्याच्या तारेने डिजिटल सिग्नल देणारं) आउट आहे एवढीच त्याची लायकी. चौथा लॅपटॉप, त्याच सीडी रिप करून, म्हणजे फाइलमध्ये उतरवून, यूएसबीने. डॅक, अ‍ॅम्प, स्पीकर सगळ्यांना एकच.

बाजारात बघायला गेलात तर मधल्या गटात केम्ब्रिज ऑडिओचा सीएक्ससी, ऑडिओलॅबचा ६०००सीडीटी ही नावं हमखास येतात. वरच्या गटात प्रो-जेक्टचा सीडी बॉक्स आरएस२ टी, टिअ‍ॅकचा व्हीआरडीएस-७०१टी. टिअ‍ॅकच्या त्या व्हीआरडीएस मेकॅनिझममध्ये सीडी नुसती मधे पकडत नाहीत, एका मोठ्या चकतीवर दाबून बसवतात, म्हणजे सीडी जरा वाकडी असली तरी सरळ होते. सीईसीवाले तर बेल्टने सीडी फिरवतात. बघायला हे सगळं जबरदस्त, हात फिरवावासा वाटतो, पण आवाजापर्यंत यातलं किती पोचतं हा खरा मुद्दा.

सीडी आतल्या बाजूला मिनिटाला साधारण ५०० फेरे आणि बाहेर गेली की २०० च्या आसपास फिरते, आणि मोटर सारखी कमी-जास्त होत असते. टर्नटेबलवर असं झालं तर सूर हलेल. सीडीत हलत नाही, कारण वाचलेला डेटा आधी मेमरीत जातो आणि क्रिस्टलच्या घड्याळाच्या (क्लॉकच्या) ठोक्यावर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल्स (आवाजाची मोजमापं) असा बाहेर पडतो. गच्चीवरच्या टाकीसारखं आहे हे, पालिकेचं पाणी धो धो येवो की करंगळीएवढं, नळाची धार टाकीच्या उंचीवर ठरते. तेव्हा "जड प्लॅटरमुळे बेस घट्ट झाला" असं कोणी म्हणालं तर त्याला प्रेमाने विचारा की कुठल्या वाटेने झाला.

दुसरं म्हणजे एरर करेक्शन. सीडीवर डेटा सलग लिहिलेला नसतो, विखरून लिहिलेला असतो, सोबत दुरुस्तीचे जादा बिट्स, त्यामुळे ट्रॅकच्या दिशेने साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा डाग असेल तर हरवलेला डेटा अंदाजाने नाही, अगदी जसाच्या तसा परत मिळतो. त्याच्या पुढे गेलं की मग मशीन आजूबाजूच्या सॅम्पल्सवरून अंदाज बांधतं, आणि ते पण जमेना झालं की आवाज दाबतं किंवा उडी मारते सीडी. स्वच्छ सीडीवर चारही मशीन एकच बिट्स देतात, अशी माझी अपेक्षा होती आणि ती तपासायला कान लागतच नाहीत.

डिजिटल इनपुट असलेलं साधं साउंड कार्ड लागतं. त्याचं क्लॉक एक्स्टर्नलवर ठेवायचं (हे विसरलात तर कार्ड मधेच स्वतःचे उद्योग करतं आणि सगळी टेस्ट पाण्यात), रेट सीडीचाच, ४४.१ किलोहर्ट्झ, आणि दोन मशीनवरून तोच ट्रॅक रेकॉर्ड करायचा. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक एकाखाली एक घ्या, पूर्ण झूम करून सॅम्पलला सॅम्पल जुळवा, एक ट्रॅक उलटा करा आणि दोन्ही मिक्स करा. बिट्स सारखे असतील तर उरतं शून्य, सपाट रेघ. लाखाचा आणि मधला: सपाट रेघ. लॅपटॉपची रिप: सपाट रेघ. डीव्हीडी प्लेअर: अजिबात नाही, भरपूर कचरा. कारण शोधलं तर त्याच्या मेन्यूत डिजिटल आउट ४८ वर होतं, म्हणजे बिचारा प्रत्येक सॅम्पल नव्याने मोजून देत होता. सेटिंग बदललं, डॅकच्या डिस्प्लेवर ४४.१ आलं, आणि मग तिथे पण सपाट रेघ. जुना डीव्हीडी प्लेअर वापरणाऱ्यांनी हे आधी बघा, काही मॉडेल्समध्ये तो पर्याय मिळतच नाही. काही नव्या ट्रान्सपोर्टमध्ये, उदाहरणार्थ शानलिंगचा ईटी३, आत अपसॅम्पलिंग (सॅम्पल्सची संख्या वाढवून देणं) असतं, ते चालू ठेवलंत तर रेघ सपाट येणार नाही, आणि आवाजाची पातळी किंचित जरी वर गेली तरी कानाला ते "जास्त खुललेलं" वाटतं, म्हणून तुलना करताना ते बंद.

आता तुम्ही म्हणाल की बिट्स सारखे असले तरी जिटर, म्हणजे ठोक्यांच्या वेळेतली थरथर, आहे ना. आहे, बरोबर. एस/पीडीआयएफमध्ये (कोअ‍ॅक्सियल आणि ऑप्टिकलमधून जातो तो डिजिटल सिग्नल) क्लॉक वेगळं येत नाही, डेटाच्या आतच असतं आणि डॅकला ते उकलून काढावं लागतं, ठोका पुढे-मागे होत असेल आणि डॅक ते गाळत नसेल तर ते अ‍ॅनालॉगमध्ये उतरतं. पण मग प्रश्न ट्रान्सपोर्टचा कमी आणि डॅकचा जास्त झाला. आजचे बरेच डॅक आलेला डेटा स्वतःच्या क्लॉकवर परत बसवतात. नव्वदच्या दशकातला डॅक असेल तर मात्र ट्रान्सपोर्टची निवड जरा महत्त्वाची, आणि तशा माणसाला मी सरळ सांगेन की आधी डॅक बदल.

ऐकून काय वाटलं ते सांगतो. रात्री अकरानंतर, रस्ता शांत झाल्यावर आणि पंखा बंद करून, कारण पंख्याच्या घरघरीत तानपुऱ्याची जवारी विरते तिथेच फरक शोधायचा असतो. माझ्या मते या कामाला विलंबित ख्यालाची सुरुवात सगळ्यात चांगली, दोन तानपुरे एकसारखे चालू, मधे हार्मोनियमची पट्टी हळूच सुटते, तबल्याच्या बाँयाचा घुमारा कुठे संपतो ते ऐकायचं. ढणढणाट असलेल्या गाण्यात काय डोंबल कळणार. उघड्या डोळ्यांनी, म्हणजे कुठलं मशीन चालू आहे ते माहीत असताना, लाखाचा मला जास्त शांत वाटला, स्वरांच्या मधली जागा काळी वाटली, अगदी शपथेवर सांगितलं असतं. मग भाचीला मशीनजवळ बसवलं आणि आंधळी टेस्ट केली, म्हणजे कुठलं मशीन चालू आहे ते मला न सांगता, तर ती शांतता कुठे गेली कळलं नाही, माझी उत्तरं नाणं उडवल्यासारखी निघाली.

ही टेस्ट करणार असाल तर दोन-तीन जागी लबाडी नकळत होते. इनपुट बदललं की डॅक लॉक व्हायला वेळ घेतो, आणि प्रत्येक मशीनवर तो वेळ थोडा वेगळा असतो, रिले "टक" वाजतो, दोन-तीन वेळा ऐकलं की कान त्या टकवरूनच मशीन ओळखायला लागतो. म्हणून बदलताना अ‍ॅम्प म्यूट, आणि मदतनीसाने दरवेळी सारखंच थांबायचं, मशीन बदललं नसलं तरी. मशीनची स्वतःची घरघर ऐकू येते, तेव्हा ती खुर्चीपासून लांब. दोन्ही मशीनला एकाच जातीची केबल, आणि अधूनमधून डॅकचे इनपुट अदलाबदल करा. एकाच प्रेसिंगच्या दोन सीडी लागतात, नसतील तर रिपवरून कॉपी करा आणि कॉपी परत रिप करून जुळते का बघा. १६ वेळा ऐकून १२ बरोबर आली तर फरक खरा धरायला हरकत नाही, नुसत्या अंदाजाने एवढं जमायची शक्यता शंभरात चारेक. ९ आली तर पैसे खिशात ठेवा.

मग फरक कुठे दिसला? खराब सीडीवर. आमच्याकडे भजनांची एक सीडी आहे, कारमधल्या प्लेअरने तिला गोल ओरखडा पाडलाय, ट्रॅकच्या दिशेनेच, आणि तोच वाईट. (आडवा, म्हणजे मधून कडेकडे गेलेला ओरखडा बरेचदा काही करत नाही, म्हणूनच सीडी पुसताना मधून बाहेर सरळ पुसायची, गोल गोल नाही.) पाचव्या भजनात टाळ वाढतात तिथे तो ओरखडा येतो. लाखाच्या मशीनने तिथे तीनदा तेच अर्धं वाक्य म्हटलं आणि मग गप्प. परत लावलं, परत तेच. डीव्हीडी प्लेअरने एक बारीक टिक दिली आणि पुढे गेला. बफरवाला मधला मात्र न अडखळता पार, मी झाकणाकडे बघतच राहिलो, म्हणजे त्याला झाकण पण नाही. लॅपटॉपने ती जागा पुन्हा पुन्हा वाचली, बराच वेळ घेतला आणि स्वच्छ फाइल दिली. घरातल्या सीडी लायब्ररीतून, जुन्या बाजारातून, मित्रांकडून आलेल्या असतील तर माझ्या लेखी ही टेस्ट साउंडस्टेजच्या (कुठला आवाज कुठून येतो याच्या) शंभर गप्पांपेक्षा वरची. डेमोला जाताना तुमची सगळ्यात वाईट सीडी घेऊन जा, दुकानातली चकाचक नको.

दुसरा फरक हमचा. लाखाचा कोअ‍ॅक्सियलने जोडला की स्पीकरमधून हलकी गुणगुण, ऑप्टिकलने जोडला की गायब. हा अर्थिंगचा गोल फेरा (ग्राउंड लूप), ऑप्टिकलमध्ये तांब्याची तारच नसल्यामुळे तो तुटतो. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये हे कधीही निघू शकतं आणि लोक याला "ट्रान्सपोर्टचा नॉइज फ्लोअर" (त्याची स्वतःची खरखर) म्हणून मोकळे होतात. केबल घ्यायचीच तर ७५ ओहमची साधी नीट कोअ‍ॅक्सियल घ्या आणि एक ऑप्टिकल जवळ ठेवा, त्याच्या वर खर्च नको. आय-टू-एस (डेटा आणि क्लॉक वेगवेगळे पाठवायची पद्धत) एचडीएमआयच्या सॉकेटमधून देणारे ट्रान्सपोर्ट आहेत, प्रो-जेक्टचा तसाच, पण त्या सॉकेटमध्ये कुठल्या पिनवर काय हे कंपन्यांनी आपापलं ठरवलंय, तुमच्या डॅकशी जुळतं का ते पक्कं केल्याशिवाय त्या एका सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

तिसरा फरक फार थोड्यांना लागू, पण लागला तर डोकं खाजवाल. ऐंशीच्या दशकातल्या काही सीडींवर, जपानी प्रेसिंग विशेषतः, प्री-एम्फसिस आहे, म्हणजे वरचे स्वर मुद्दाम वाढवून लिहिलेले, अगदी वरच्या टोकाला १० डेसिबलच्या आसपास, आणि वाजवताना ते खाली आणायचं. ट्रान्सपोर्ट तशी खूण डॅकला पाठवतो, पण सगळेच नवे डॅक ती पाळतात असं नाही, आणि रिप करताना तर ती खूण सहज हरवते. मग तीच सीडी एका ठिकाणी कर्कश आणि दुसऱ्या ठिकाणी व्यवस्थित. असं काही ऐकलंत तर ट्रान्सपोर्टला शिव्या द्यायच्या आधी हे तपासा.

तर घ्यायचं काय. लॅपटॉपसमोर बसायची तयारी असेल तर रिप करा, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने, अ‍ॅक्युरेटरिपशी (इतरांच्या रिपच्या ऑनलाइन नोंदींशी) जुळवून (आपल्याकडच्या सीडी त्यात नेहमी सापडतील असं नाही, तेव्हा दोनदा रिप करून दोन्ही फाइल जुळतात का बघायचं), आवाजात काही गमवत नाही. पण कव्हर हातात घेऊन सीडी लावायची मजा हवी असेल, आणि ती असते, मला पण हवी असते, तर मधला ट्रान्सपोर्ट, बफरवाला असेल तर उत्तम. डीव्हीडी प्लेअरने आवाजात हार मानली नाही, पण टीव्ही लावल्याशिवाय मेन्यू दिसत नाही, ट्रॅक बदलायला त्याला विचार करावा लागतो, आणि रिमोटवरचा व्हॉल्यूम काही मॉडेल्समध्ये डिजिटल आउटलाही हात लावतो, तो फुल्ल ठेवायचा. बजेट अगदीच नसेल तोवर चालवा.

लाखाचा कोणी घ्यावा? ज्याला ते मशीन म्हणून आवडतं त्याने, अगदी बिनधास्त. झाकणाची ती सरक, पक बसतानाचा आवाज, ते वजन, यात लाज वाटायचं काहीच नाही, लोक घड्याळावर याच्या कितीतरी पट घालवतात. फक्त बायकोला सांगताना "आवाज बदलेल" असं सांगू नका, ती ऐकेल आणि विचारेल. आणि एक बघा, वरून उघडणाऱ्या मशीनला वर हात जाईल एवढी मोकळी जागा लागते, रॅकच्या मधल्या कप्प्यात ते जात नाही, आणि झाकण उघडं राहिलं की लेन्सवर धूळ. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात महिना महिना न वापरता ठेवलंत तर लेन्सवर बुरशी पण धरते.

पैसे देण्याआधी डीलरकडून एक गोष्ट लेखी घ्या: लेझर युनिट कुठल्या मेकचं आहे, ते सुटं मिळतं का, आणि खराब झालं तर मशीन दुरुस्तीला इथेच राहणार की बाहेर जाणार. लेझर कधीतरी जातोच. "सर बघू तेव्हा" असं उत्तर आलं तर दुसरा डीलर बघा, नाहीतर जिचं लेझर युनिट तुमच्या गावातला मेकॅनिक एका दुपारी बदलून देईल अशी मशीन.